डाव्या बाजूबद्दल बोलायचं नाही

गोचीड हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. खरं नाव बँकेत आणि दवाखान्यात लागायचं, तेवढंच. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये तो पंधरा-सोळा वर्षं गार्ड म्हणून खेळला आणि त्यातली सुरुवातीची एकदोन वर्षं सोडली तर लोकांनी त्याला गोचीडच म्हटलं. एका वार्ताहराने वैतागून लिहिलं होतं, की सामना संपल्यावर या माणसाला समोरच्याच्या अंगावरून काढायला चिमटा लागतो. त्याच्या बायकोने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, चला, एकदाचं कुणीतरी तुम्हाला ओळखलं.

उंचीने तो बेताचा. संघाचा फोटो काढताना त्याला कायम पुढे खाली बसवायचे. नेमही यथातथाच. पण समोरच्या संघातला सगळ्यात भारी खेळाडू त्याच्या ताब्यात दिला, की त्या खेळाडूची ती संध्याकाळ पाण्यात गेली म्हणून समजायचं. यात जादू काही नव्हती. माणूस काय करतो ते सगळेच बघतात. गोचीड माणूस काय करत नाही ते बघायचा. त्या काळी एक मोठा नावाजलेला खेळाडू होता, त्याच्या उडीच्या गोष्टी लोक सांगत बसायचे. गोचीडने हेरलं, की एक नेम चुकला की पुढची बास्केट पडेपर्यंत हा गडी डावीकडे वळतच नाही. भीती म्हणा, सवय म्हणा. मग पहिला नेम कसाबसा चुकवायला लावायचा आणि उजवीकडचा रस्ता अडवून उभं राहायचं, की झालं. पुढे दोघंही निवृत्त झाल्यावर कुठल्याशा समारंभात भेटले. तो म्हणाला, अरे बाबा, आता तरी सांग, तुला कळायचं कसं? गोचीडने सांगून टाकलं. त्याने हातातला पेला खाली ठेवला.

"हे मला तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर?" तो म्हणाला.

"मीच सांगत होतो की," गोचीड म्हणाला. "दर सामन्यात."

गुडघे गेले तेव्हा तो थांबला. निरोपाच्या भाषणात पाच वाक्यं बोलला, त्यातली दोन मैदान पुसणाऱ्या माणसांबद्दल होती. नंतर खेळाडू करतात ते सगळं करून पाहिलं. बुटांच्या दुकानांच्या फिती कापल्या. टीव्हीवर समालोचन केलं, पण तिथे फार दिवस टिकला नाही. सगळं स्टेडियम बास्केट पडली म्हणून नाचत असायचं आणि हा शांतपणे सांगत असायचा, की अडवणाऱ्याचा डावा पाय वीतभर मागे राहिला, नाहीतर ही बास्केट झालीच नसती. निर्माता म्हणाला, साहेब, लोकांना आनंद पाहिजे असतो. गोचीड म्हणाला, मलाही आनंदच झालाय, मला चूक सापडली.

त्याची बायको बस कंपनीत वेळापत्रकं करायची. बास्केटबॉल तिने हट्टाने शिकून घेतला नाही. सामन्याला यायची ती शेवटच्या पाच मिनिटांना, म्हणायची, आधीचं सगळं या पाच मिनिटांत कळतं. तो घरी आला की तिचे दोन प्रश्न ठरलेले. जिंकलात का, आणि कुठे लागलं. लग्नाच्या नव्या नवलाईत तो एकदा तिला कौतुकाने म्हणाला, तू कधीच दार ओढून घेताना मागे वळून बघत नाहीस, आणि रागावलीस की कधीच खुर्चीत टेकून बसत नाहीस. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मी काय तुमच्या समोरच्या संघात खेळते का, असं विचारलं. हे डोळे कोर्टवर ठेवून घरी यायचं, असं बजावलं. त्याने ऐकलं. निदान बोलणं बंद केलं, बघणं काही बंद होत नाही.

मग एका वर्षी त्याला दिसलं, की ती जिना चढताना बोलत नाही. जन्मभर ती जिन्यात बोलत आलेली. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दिवसभराची अर्धी हकिकत सांगून झालेली असायची. आता ती खालच्या पायरीशी गप्प व्हायची आणि दारात पोचल्यावर पुन्हा सुरू व्हायची. दोन दिवस त्याने तोंड आवरलं, तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती चिडली. त्या रात्री टेकून बसली नाही. पण सकाळी दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. त्या वेळेत जाण्याने दोघांना दोन चांगली वर्षं मिळाली आणि ती दोन वर्षं गोचीड कुठल्याही विजयापेक्षा मोठी मानतो. त्यानंतर तिने स्वतःहून आपला नियम दुरुस्त केला. म्हणाली, घरात बघा, खुशाल बघा. पण घरात दिसलेलं घरच्यांसाठी. ते उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही.

ती गेल्याला आता अडीच वर्षं होत आली होती. बायको गेली की घर मोठं वाटतं म्हणतात. त्याचं घर उलट लहान झालं. स्वयंपाकघर, पलंग आणि मधला चार पावलांचा बोळ, एवढ्यातच तो राहायला लागला. बाकीच्या खोल्या होत्या, पण त्यांत जाण्याचं काही काम निघत नसे.

काम दिलं ते कोचबाईंनी. त्या बायकांच्या बास्केटबॉलच्या मोठ्या साखळी स्पर्धेतल्या एका संघाच्या मुख्य प्रशिक्षक, वयाने त्याच्यापेक्षा बऱ्याच लहान. शाळेत असताना त्यांनी गोचीडचा खेळ पाहिला होता. त्या घरी आल्या, चहा घेतला, आणि म्हणाल्या, घरी बसून भिंतींच्या चुका शोधताय त्यापेक्षा माझ्याकडे या. काम असं, की पुढच्या सामन्यातल्या विरोधी संघाच्या चित्रफिती बघायच्या आणि खेळाडूंच्या बैठकीत प्रत्येकीबद्दल सांगायचं, की ही काय करत नाही. त्याच्यासाठी हे म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं. दोन हंगामांत त्याने कुणाबद्दल अवाक्षर राखून ठेवलं नाही. खेळाडू म्हणायच्या, काका बोलायला लागले की समोरचीची दया येते.

अडचण एकच होती, आणि ती सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. त्याची मुलगी याच साखळीत दुसऱ्या संघाची गार्ड होती. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण लहानपणी ती सरळ चालतच नसे. बापाने तिला अडवायला शिकवलं आणि ती निघाली पळणारी, वळणारी, हातातून निसटणारी. आतापर्यंत दोन्ही संघ समोरासमोर आले तेव्हा गोचीडने तिच्याबद्दलही सांगितलं होतं, जसं दुसऱ्या कुणाबद्दल सांगेल तसं. ती थकली की पास लांबवते, हे त्यानेच सांगितलं. सामना झाल्यावर तिने फोन करून शिव्या घातल्या आणि पुढच्या आठवड्यात ती सवय मोडली. दोघांनाही त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. ते सगळं कोर्टवर दिसलेलं होतं.

या वर्षी उपान्त्य सामन्यात दोन्ही संघ एकमेकांसमोर आले. त्याच्या आधीच्या रविवारी भिंगरी घरी आली. रविवारी ती सूप करायची आणि आठवडाभराचं करून ठेवायची, बापाला नुसत्या अंड्यांवर सोडायचं नाही म्हणून. मोठं पातेलं वरच्या फळीवर असायचं. ती फळीच्या उजव्या बाजूला उभी होती. पातेलं तिच्या डाव्या हाताशी होतं. तिने अख्खं अंग वळवलं, उजवा हात लांबवला आणि पातेलं काढलं. एवढंच झालं. दुसरा कुणी असता तर त्याला पातेलं काढलं एवढंच दिसलं असतं. गोचीड गाजर चिरत होता, त्याची सुरी थांबली.

भिंगरीने त्याच्याकडे बघितलं. ती त्याचीच मुलगी, सुरी थांबलेली तिलाही दिसली.

"बाबा, तुम्ही आत्ता घरी आहात की कामावर?"

"घरी," तो म्हणाला.

मग तिने सांगितलं. डावा खांदा महिन्याभरापासून वर जात नाही, डोक्याच्या वर तर नाहीच. तिच्या कोचला माहीत नाही, संघाच्या डॉक्टरलाही नाही. करार या हंगामाबरोबर संपतो. तिशीच्या उंबरठ्यावरची गार्ड, खांदा नादुरुस्त, असं एकदा कर्णोपकर्णी झालं की नवा करार कोण देतो? हंगाम संपला की सरळ जाऊन दाखवणार होती. तो म्हणाला, उद्याच दाखव. ती म्हणाली, आई पण तिसऱ्या मजल्यापर्यंत गप्पच जायची की. हे त्याला अपेक्षितच नव्हतं. दोघं थोडा वेळ गाजर चिरत बसले. जाताना तिने काही वचनबिचन मागितलं नाही. तो घरी आहे म्हणाला होता, तेवढं तिला पुरे होतं.

सोमवारी कामावर चित्रफिती आल्या. तो बसला बघायला, आणि भिंगरीच्या खेळात त्याला ते दिसलं. डावीकडून घुसताना ती आता शेवटपर्यंत जात नव्हती. दोन पावलं आधी थांबून उजव्या हाताने लांबूनच बास्केट टाकत होती. चार सामन्यांत असं चारपाच वेळाच झालं होतं आणि बहुतेक बास्केट पडल्याही होत्या, त्यामुळे कुणाच्या नजरेत येण्याचं कारण नव्हतं.

आता त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. रविवारी पातेलं बघितलं नसतं, तर हे मला दिसलं असतं का? दिसलं असतं, असं त्याचा अभिमान म्हणत होता. छातीवर हात ठेवून सांग, असं दुसरं कुणीतरी म्हणत होतं, आणि तो आवाज ओळखीचा होता. दिसलं असतं तर ती गोष्ट कामाची, सांगायलाच हवी. दिसलं नसतं तर ती घरची, सांगायची नाही. आणि बघून झाल्यावर न बघितल्यासारखं करून पुन्हा बघता येत नाही, हे तर कुठल्याही पंचाला विचारा.

म्हणून त्याने खांबला बोलावलं. खांब हा त्याच्याच वेळचा खेळाडू, संघाचा उंच सेंटर, आता कोचबाईंचा सहायक. दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून कायम वाकून आत यायचा, चौकट उंच असली तरी. गोचीडने काही न सांगता त्याला तेच तुकडे दाखवले आणि विचारलं, काय दिसतं? खांबने नीट बघितलं, मागे नेऊन बघितलं, चष्मा पुसून बघितलं.

"पोरगी झकास खेळते तुझी," तो म्हणाला. "हे दाखवायला बोलावलंस होय? बाप झालास रे पक्का."

खांब काही आंधळा नव्हता. कोर्टवर त्याला गोचीडच्या खालोखाल कळायचं. त्याला दिसलं नाही म्हणजे निकाल लागला. गोष्ट घरची होती. गोचीडला बरं वाटलं, इतकं की त्याने खांबला चहा पाजला आणि बायकोच्या नियमाप्रमाणे वागायचं ठरवून टाकलं. सांगायचं नाही, विषय संपला.

विषय कुठला संपतोय? बैठक बुधवारी होती. लांबट खोली, पांढरा फळा, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाय पसरून बसलेल्या बारा खेळाडू आणि कोपऱ्यात थंड न करणारं एसीचं यंत्र. गोचीड एकेकीबद्दल सांगत गेला. ही उडी मारल्यावर खाली बघत नाही. ही आपल्या सेंटरला कधीच दुसरा पास देत नाही. शेवटी भिंगरी आली. तो म्हणाला, ती उजवीकडे येते तेव्हा असं अडवा, मधून आली तर तसं. आणि थांबला.

कोचबाई म्हणाल्या, "आणि डावीकडून?"

इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, डावीकडून नेहमीसारखीच. दोन शब्द. पण गोचीडने आयुष्यात या खोल्यांमध्ये खोटं सांगितलं नव्हतं. कोर्टवर फसवाफसवी करणं वेगळं, तो खेळ आहे. आपल्या माणसांना खोटं सांगणं त्याच्या जिभेला येतच नव्हतं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "तिच्या डाव्या बाजूबद्दल मी बोलणार नाही."

बारा माना वर झाल्या. मग खांबने हळूच "अरे देवा" म्हटलं.

कारण गोचीड आणि बोलणार नाही? दोन हंगामांत या माणसाने विरोधी संघाच्या बदली खेळाडूंच्या बुटांच्या नाड्यांबद्दलसुद्धा सांगितलं होतं. तो एका बाजूबद्दल गप्प बसला, म्हणजे त्या बाजूला लाल दिवा लावल्यासारखंच झालं. कोचबाईंनी फळ्यावर डावीकडे एक मोठा बाण काढला. तिला डावीकडेच ढकलायचं, त्या खेळाडूंना म्हणाल्या, आणि दुसरीने मदतीला जायचं. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. काम होतं, त्यांनी केलं.

गोचीडने बाणाकडे बघितलं. जन्मभर त्याने हेच तर शिकवलं होतं, की माणूस काय करत नाही ते बघा. आणि स्वतःच सगळ्यांसमोर उभं राहून एक गोष्ट केली नाही. तोंड बंद ठेवून त्याने सगळं सांगून टाकलं होतं. बायको असती तर म्हणाली असती, शहाण्याला शब्दाचा मार आणि तुम्हाला गप्प बसण्याचा.

पण असं काही झालं की तो हातपाय गाळणाऱ्यातला नव्हता. समोरचा निसटला की गार्ड रडत बसत नाही, मागे पळतो. तो तिथेच उभा राहिला आणि म्हणाला, बाई, हे मला घरी कळलं होतं, इथे नाही. माझ्या चुकीने ते तुमच्याकडे आलंय. तुम्ही ते वापरा, मी अडवणार नाही, ते आता फळ्यावर आहे. पण मी तिला फोन करून सांगणार आहे, की तुम्हाला कळलंय. चोरून करणार नाही म्हणून आधी तुम्हाला सांगतो. मला कामावर ठेवायचं की नाही ते सामना झाल्यावर ठरवा.

हे एवढं लांब तो निरोपाच्या भाषणातही बोलला नव्हता. खेळाडूंमध्ये कुजबुज झाली. एकीने, ती स्वतः गार्ड होती आणि भिंगरीला अडवायचं काम तिच्याकडेच येणार होतं, विचारलं की मग आपला फायदा काय राहिला? प्रश्न रास्त होता. कोचबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"फोन करायचाय ना?" त्या म्हणाल्या. "इथूनच करा. सगळ्यांना ऐकू येईल असा."

त्याने फोन टेबलावर ठेवला. भिंगरीने दुसऱ्या घंटेला उचलला.

"बाबा? घरून का कामावरून?"

"कामावरून. बैठकीत आहे. सगळे ऐकतायत."

 पलीकडे मागे कुठेतरी चेंडू आपटल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मला तुझ्या डाव्या बाजूबद्दल विचारलं," तो म्हणाला. "मी सांगितलं, मी बोलणार नाही."

"असं म्हणालात तुम्ही? याच शब्दांत?"

"हो."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही फळ्यावर माझं चित्र काढून दिलं असतंत तर कमी कळलं असतं."

खेळाडूंपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. गोचीड म्हणाला, हो, चुकलंच, आणि आता ते तुला डावीकडे ढकलणार आहेत, एवढं तुला माहीत असावं म्हणून फोन केला.    मग तिचा आवाज आला तो कोर्टवरचा, सगळ्यांना जागेवर उभं करणारा.

"कोचबाई, ऐकताय ना? ढकला की डावीकडे. फक्त दुसरीला मदतीला पाठवाल तेव्हा ती कुणाला मोकळी सोडून येते, तेवढं मोजून ठेवा. आणि बाबा, सूप संपवा, शुक्रवारपर्यंत खराब होईल."

फोन बंद झाला. खोलीत एकदम सगळ्या बोलायला लागल्या. तिला खरंच डावीकडे जमत नाही, का आता ती तसं भासवते आहे? मदतीला जायचं का नाही? कोचबाईंनी बाण पुसला, पुन्हा काढला, पुन्हा अर्धा पुसला. खांब गोचीडच्या कानाशी वाकून म्हणाला, "आता दोघांनाही सारखंच माहीत आहे. हेच पाहिजे होतं ना तुला, लबाडा?" गोचीड म्हणाला, मला फक्त घरी परत जाता यायला पाहिजे होतं.

तिकडे भिंगरीने फोन ठेवला आणि सरळ आपल्या कोचच्या खोलीत गेली. नंतर तिने हे बापाला सांगितलं. ती म्हणाली, शत्रूच्या अख्ख्या संघाला ठाऊक आणि आपल्याच माणसांना नाही, हे मलाच हास्यास्पद वाटलं. तिच्या कोचने आधी आरडाओरडा केला. मग डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरने हात इकडून तिकडून फिरवून पाहिला आणि सांगितलं, हंगामानंतर शस्त्रक्रिया, तोवर अर्धा वेळ खेळ, आणि हात डोक्यावर नेलास तर मी स्वतः येऊन बांधून ठेवीन. नव्या कराराचं कुणी काही बोललं नाही. तिने विचारलंही नाही. पण तिचा कोच सामन्याच्या आदल्या सकाळी तिच्यासाठी नवे डाव आखून बसला होता, आणि महिनाभर ज्या गोष्टीचं ओझं ती एकटी वाहत होती ती आता बारा जणींमध्ये वाटली गेली होती.

सामना शनिवारी झाला. गोचीड आपल्या संघाच्या बाकावर, खांबच्या शेजारी बसला. चेहरा दगडाचा. भिंगरीला डावीकडे ढकललं, ती गेली. पहिल्यांदा दुसरी मदतीला आली नाही आणि भिंगरीने थांबून उजव्या हाताने बास्केट टाकली. पुढच्या वेळी दुसरी आली, तर पास कोपऱ्यात मोकळ्या मुलीकडे गेलेला होता. नंतर कोचबाईंनी तिला उजवीकडे ढकलायला सांगितलं, तर तिथे ती मुळात चांगली होतीच. असा सामना बराच वेळ बरोबरीत चालला. गोचीडच्या संघाची गार्डही जिद्दीची, तिने भिंगरीला श्वास घेऊ दिला नाही. ते बघून गोचीडला समाधान वाटलं, कारण तिला त्यानेच शिकवलं होतं. शेवटच्या पाच मिनिटांत त्याने उगाचच एकदा प्रेक्षकांच्या दाराकडे बघितलं.

अगदी शेवटी भिंगरी डावीकडून घुसली, दोघी तिच्या अंगावर आल्या, आणि तिने चेंडू कमरेखालून, न बघता, मागे येणाऱ्या सेंटरच्या हातात दिला. बास्केट पडली. गोचीडचा संघ एका बास्केटने हरला.

"हसलास," खांब म्हणाला.

"नाही हसलो."

"आतून हसलास. मी तुझ्या शेजारी बारा वर्षं खेळलोय, मला सांगतोस?"

कोचबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. तो रोज वेळेवर गेला आणि आपल्या टेबलाशी बसला. टेबल आवरून ठेवलं होतं, काढून टाकलं तर पटकन निघता यावं म्हणून. तिसऱ्या दिवशी त्या आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, की तुमच्यामुळे मी हरले का, यावर मी खूप विचार केला. कदाचित हो. पण पुढच्या वर्षी माझ्या खेळाडूंना मी सांगू शकेन, की या खोलीत कुणी खोटं बोलत नाही, आणि हे किती कोचना सांगता येतं? मग जाता जाता म्हणाल्या, त्या पोरीला दुरुस्त होऊ दे, मग आपल्याकडेच घेऊन टाकू, म्हणजे रोजची कटकट मिटेल. हे त्या गंमतीने म्हणाल्या की खरंच, ते गोचीडला कळलं नाही. त्याने विचारलंही नाही. दोन्ही संघांनी बोलावलं तर कुठे जायचं ते भिंगरीचं ती बघेल.

भिंगरीचा संघ अंतिम सामन्यात हरला. पुढच्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली आणि ती दीड महिना बापाच्या घरी राहायला आली, डावा हात पट्टीने छातीशी बांधलेला. त्यामुळे बंद पडलेल्या खोल्या उघडाव्या लागल्या, खिडक्या पुसाव्या लागल्या. करार झाला नव्हता, पण तिचा कोच दर दोन दिवसांनी फोन करून खांदा कसा आहे ते विचारायचा. ती त्याला म्हणायची, खांदा बराय, तुमचा कागद कसा आहे?

पहिल्या सकाळी ती व्यायामाला निघाली तर केस मोकळे. एका हाताने वेणी घालता येत नव्हती. ती कंगवा घेऊन बापासमोर स्टुलावर बसली. त्याने उभ्या आयुष्यात कुणाची वेणी घातली नव्हती. ते काम आईचं होतं, आणि आई बसच्या वेळापत्रकाच्या घाईने घालायची तरी दिवसभर सुटत नसे. त्याने तीन पेड घेतले. पहिला दिवस असा गेला, की वेणी दारापर्यंतही टिकली नाही. दुसऱ्या दिवशी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक झाली. भिंगरीने आरशात बघून विचारलं, हे काय, मदतीला दुसरी आलीच नाही का?

मग तो आठवत राहिला. बायको वेणी घालताना काय करायची ते त्याला आठवेना, पण काय करायची नाही ते आठवलं. ती मधे कधी थांबायची नाही, आणि पेड कधी हातातून खाली सोडायची नाही. बोलायला लागली तरी हात चालूच. तिसऱ्या सकाळी त्याने तसंच केलं. भिंगरी खांद्याबद्दल काहीतरी सांगत होती, तो हूं हूं करत होता, आणि बोटं चालत होती. वेणी झाली. सरळ, घट्ट, पाठीच्या मधोमध.

भिंगरीने डोकं डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं. वेणी जागची हलली नाही.

"डोळे ताणले गेलेत माझे," ती म्हणाली. "उद्या जरा सैल."

"बघू," तो म्हणाला, आणि कंगव्यात अडकलेले केस काढायला लागला.